मार्शल ल्योते साहेबांस, संरक्षणाबद्दल कृतज्ञतापूर्वक

राजमान्य राजश्री मार्शल ह्युबेर ल्योते साहेब यांच्या चरणी कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपण आम्हां मराठी मंडळींना ओळखण्याचे कारण नाही; पण आपली कीर्ती आमच्यापर्यंत पोहोचली आहे. मोरोक्कोत फेस आणि माराकेश पाहून आलेली आमची माणसे सांगतात, की तिथल्या जुन्या गल्ल्या शेकडो वर्षांपूर्वी होत्या तशाच आहेत, आणि याचे श्रेय एका फ्रेंच सेनापतीला जाते. मोरोक्कोवर जीव लावणारा, मशिदींचा मान राखणारा मोठा सुसंस्कृत गृहस्थ होता म्हणे. वसाहतवाले सगळेच काही वाईट नव्हते, असे कुणाला म्हणायचे झाले की पुराव्यादाखल आपलेच नाव पुढे येते. अशा थोर पुरुषाचे जाहीर आभार मानल्यावाचून राहणे बरे नव्हे, म्हणून हा पत्रप्रपंच.

प्रथम 30 मार्च 1912 च्या फेसच्या कराराबद्दल आपल्या सरकारचे आभार मानतो. सुलतान मौलाय अब्दुल हफीद यांनी त्यावर सही केली, तेव्हा फ्रेंच फौज फेसमध्ये येऊन जवळजवळ वर्ष झाले होते. सुलतानाच्या जिवाला, गादीला किंवा राज्याच्या शांततेला धोका झाला, तर फ्रान्स पाठीशी उभा राहील, असे वचन त्या करारात होते. आणि या संरक्षणासाठी फ्रान्सला जरूर वाटेल त्या मुलखात फौज घुसवता येईल, हेही होते. दारात संगिनी लावायच्या आणि घरधन्याकडूनच पहाऱ्याचा अर्ज लिहून घ्यायचा, यात केवढे सौजन्य आहे! आमच्याकडे दुसऱ्या बाजीरावांनी 1802 च्या अखेरीस वसईला अशाच एका कागदावर सही केली होती. तैनाती फौजेचे उपकार कसे फेडावे लागतात, हे आम्ही शाळेतच शिकतो.

करारानंतर तीन आठवडेही उलटले नाहीत, तोच फेसमधल्या सुलतानाच्या शिपायांनी 17 एप्रिलला बंड केले. फ्रेंच अधिकारी त्यांच्या पगाराला हात लावत होते आणि पाठीवर ओझे वाहायला सांगत होते. शिपायांनी युरोपियनांना मारले, मग ज्यूंची वस्ती लुटली. आणि संरक्षक फ्रेंचांनी बंड मोडायला त्याच वस्तीवर तोफा डागल्या. लुटलेले ज्यू बायकामुलांसह सुलतानाच्या वाड्यातल्या पशुसंग्रहालयात जाऊन राहिले, पिंजऱ्यांच्या शेजारी, काही तर रिकाम्या पिंजऱ्यांत. संरक्षित राज्यातला त्यांचा हा पहिला महिना. याचा दोष मात्र आपल्या माथी नाही. आपण मे महिन्यात कारभार हाती घ्यायला आलात.

आपण आलात आणि लगेच भोवतालच्या टोळ्यांनी फेसला वेढा घातला. ज्यांचे संरक्षण करायला आपण एवढ्या दुरून आलात, तेच तटावर चढून येत होते. एखादा हलक्या मनाचा माणूस असता तर त्याला शंका आली असती. आपण तोफा मागवल्या.

सुलतानाच्या गादीवरची आपली निष्ठा तर सर्वश्रुत आहे. प्रजासत्ताकाच्या चाकरीत असून आपण मनाने राजेशाहीवाले होता. म्हणून अब्दुल हफीद त्रास देऊ लागताच ऑगस्ट 1912 मध्ये त्यांनी गादी सोडली. रबातच्या धक्क्यावर फ्रान्सला नेणारे जहाज समोर उभे राहिले, तेव्हाच त्यांनी राजीनाम्यावर सही केली. त्यांच्या जागी त्यांचे बंधू मौलाय युसेफ आले. छत्र, घोडे, शुक्रवारची मिरवणूक, हुकूमनाम्यावरची मोहोर, सगळे आपण जपलेत. हुकूमनामा मात्र आपल्या कचेरीच्या मान्यतेवाचून लागू होत नसे. राजा एवढ्या प्रेमाने क्वचितच कुणी सांभाळला असेल.

दक्षिणेत अहमद अल हिबा यांनी स्वतःला सुलतान म्हणवले आणि माराकेश घेतले. आपण कर्नल मांजँना पाठवलेत. 6 सप्टेंबर 1912 ला सिदी बू उस्मानच्या माळावर हिबांचे हजारो लोक उघड्या छातीने पुढे आले, आणि तोफा व मशीनगनींनी त्यांची काय गत केली ती तिथल्या मातीला ठाऊक. फ्रेंच बाजूला मेलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. या सगळ्याचा हिशेब फ्रेंच कागदोपत्री शांततेच्या खात्यात मांडला गेला.

आता आपल्या खऱ्या विद्येकडे वळतो. ही विद्या आपण टाँकिनमध्ये आणि मादागास्करमध्ये गालिएनी साहेबांच्या हाताखाली शिकलात. कागदावर तेलाचा थेंब पसरतो तशी सत्ता पसरवायची. एक ठाणे, ठाण्याशेजारी बाजार, बाजारात दवाखाना, आणि मग पुढचे ठाणे. शरण आलेल्याला बाजार खुला, न आलेल्याला बंद. दवाखान्यात डॉक्टर चांगले होते, हे मी मनापासून मान्य करतो. तिथे ज्याचे डोळे बरे झाले त्याला ते बरे झालेच. पण त्या तेलाच्या कडेला कोण उभे होते आणि त्यांचे काय झाले, हे आपले चाहते सहसा सांगत नाहीत. ते सांगण्यासाठीच मी आपला एवढा वेळ घेतो आहे.

मध्य अ‍ॅटलासमधले झयान लोक घ्या. ते मेंढपाळ. उन्हाळ्यात देवदारांच्या रानात, उंचावर. हिवाळ्यात बर्फ पडले की खाली, गवताळ मैदानात. वर्षातून दोनदा हे चढणे-उतरणे झाले नाही तर कळप मरतो, आणि कळप मेला की माणूस मरतो. आपण जून 1914 मध्ये खेनिफ्रा घेतलेत, आणि डोंगर व हिवाळी कुरणे यांच्या मधोमध ठाण्यांची रांग उभी केलीत. गोळी न झाडता माणसे वठणीवर आणण्याची ही तऱ्हा किती दयाळू! बर्फात उभी असलेली मेंढी संगिनीपेक्षा जास्त समजूत घालते. आपल्या अधिकाऱ्यांनी हे गणित नीट मांडले होते, की कुरण रोखले की दोनचार हिवाळ्यांत टोळी शरण येते.

त्यांचा म्होरक्या मोहा ऊ हम्मू झयानी तेव्हा म्हातारा होता. तो शरण आला नाही. 13 नोव्हेंबर 1914 च्या पहाटे खेनिफ्राचे आपले कर्नल लावेर्द्यूर सुमारे बाराशे लोक घेऊन, वरिष्ठांची परवानगी न घेता, एल हेरी इथल्या त्याच्या तळावर चालून गेले. तंबू झोपेत होते. तंबू लुटले, बायका पकडल्या, जनावरे हाकून नेली. पण मोहा निसटला, आणि परतीच्या वाटेवर डोंगरातून माणसे उतरू लागली, एका टोळीची नव्हे, आजूबाजूच्या अनेक टोळ्यांची. संध्याकाळ होण्याआधी आपले 623 लोक मेले. लावेर्द्यूरही मेले. ते जगते तर लष्करी न्यायालयापुढे उभे केले असते, असे आपण म्हटलेत. पहाटे झोपलेल्या तळावर धाड घातली म्हणून नव्हे. परवानगी न घेता घातली म्हणून.

आणि ते 623 कोण होते, साहेब? त्यांत फ्रेंच होते, पण पुष्कळसे अल्जीरियाचे आणि सेनेगलचे शिपाई होते. मोरोक्कोच्या डोंगरातल्या मेंढपाळाला मारायला आपण आफ्रिकेतल्याच शेतकऱ्यांची पोरे आणलीत, आणि त्याच पोरांची प्रेते त्या उतारावर पडली. त्यांच्या आयांना कुणी काय कळवले असेल? आफ्रिकेच्या ऐक्यासाठी एवढा खटाटोप दुसऱ्या कुणी केला नसेल, तेव्हा याबद्दलही आभार.

त्याच वर्षी मोरोक्कन शिपाई मार्नच्या काठी फ्रान्ससाठी मरत होते. महायुद्ध संपेपर्यंत असे सुमारे 40 हजार आपण तिकडे पाठवलेत. संरक्षण कोण कुणाचे करत होते, हे ठरवणे मी आपल्यासारख्या जाणत्यावर सोडतो.

मोहा ऊ हम्मू पुढे सहा वर्षांहून अधिक लढला. त्याची मुले 1920 मध्ये आपल्या बाजूला आली, तो आला नाही. 1921 च्या वसंतात तो लढताना मारला गेला. त्याच वर्षी आपल्याला मार्शलचा दंड मिळाला. अभिनंदन करायचे राहिले होते, ते आता करतो.

आपल्या सुसंस्कृतपणाबद्दल मात्र मी मोकळ्या मनाने बोलणार आहे. गैरमुस्लिमांनी मशिदीत पाय ठेवू नये, असा नियम आपण केलात, आणि तो पाळायला लावलात. जुन्या शहरांची मोडतोड होऊ दिली नाहीत. आंरी प्रोस्त यांच्यासारखा नगररचनाकार आणून नवी शहरे जुन्यांपासून दूर, मधे मोकळी जागा ठेवून बांधलीत. रुंद रस्ते, झाडे, दिवे नव्या शहरात. जुन्या शहरात भिंती जशाच्या तशा, आणि त्या भिंतींच्या आत गावांकडून येणारी, जमीन गेलेली माणसे कोंबलेली. वाढायला जागा नाही, कारण चारी बाजूंनी जागा नव्या शहराने किंवा जपलेल्या सौंदर्याने अडवलेली. आपण कमानी जपल्यात, लाकडावरचे कोरीवकाम जपलेत. त्या कमानीखाली झोपणाऱ्याच्या मुलासाठी शाळा किती काढल्यात? सरदार-वतनदारांच्या मुलांसाठी काढल्यात, तेवढ्या आम्हांला ठाऊक आहेत.

मशिदींच्या नियमाबद्दल मात्र एक आभार अगदी खरे आहेत. 1930 मध्ये बर्बर टोळ्यांना वेगळा कायदा लावणारा हुकूम निघाला. टोळ्यांच्या रूढी वेगळ्या ठेवण्याची सुरुवात आपल्याच 1914 च्या हुकूमनाम्यात झाली होती. 1930 च्या हुकुमाविरुद्ध सला आणि फेसमधले तरुण मशिदींत जमून संकटनिवारणाची प्रार्थना म्हणू लागले, आणि मोरोक्कोची स्वातंत्र्य चळवळ तिथे जन्माला आली. परक्या शिपायाला ज्या उंबऱ्याच्या आत यायला आपण बंदी केली होती, त्या उंबऱ्याच्या आत. ही एक मोठी देणगी आपण नकळत देऊन गेलात.

थामी एल ग्लावी यांची ओळखही आम्हांला आपल्यामुळेच झाली. दक्षिणेतले डोंगर राखायला फ्रेंच पलटणी खर्ची घालण्यापेक्षा एका सरदाराला मोकळे सोडावे, त्याने वाटेल तसा कर उकळावा, वाटेल त्याला तळघरात टाकावे, हा काटकसरीचा मार्ग आपण काढलात. त्याच ग्लावींनी 1953 मध्ये फ्रेंचांशी हातमिळवणी करून सुलतान मोहम्मद पाचवे यांना गादीवरून काढायला मदत केली. ज्या गादीच्या संरक्षणाचा करार, तिचाच धनी विमानात घालून प्रथम कॉर्सिकाला आणि मग मादागास्करला पाठवला गेला. फेसच्या कराराची इतकी शब्दशः अंमलबजावणी आपल्या वारसांशिवाय कुणाला जमली असती?

जमिनींचे आणि फॉस्फेटचे फार बोलत नाही. स्वातंत्र्य आले तेव्हा सुमारे दहा लाख हेक्टर जमीन, बहुतेक चांगली, युरोपियन मळेवाल्यांकडे होती. 1920 मध्ये आपण फॉस्फेटची सरकारी कंपनी काढलीत, आणि लवकरच खुरिब्गाच्या मातीतून ते बंदराकडे जाऊ लागले. संरक्षणाचा खर्च निघायला हवा, हे समजण्याइतके आम्ही व्यवहारी आहोत.

आता एक गोष्ट विचारतो, आणि इथे माझी नम्रता थोडी कमी पडली तर क्षमा असावी. 1920 मध्ये आपण एक परिपत्रक लिहिलेत. त्यात आपणच म्हटले होते, की संरक्षणाच्या नावाखाली आपण थेट राज्य करू लागलो आहोत. की मोरोक्कोची नवी पिढी शिकते आहे, तिला कामे नाहीत, तिला कुणी विचारत नाही, आणि उद्या ती आपल्याविरुद्ध उभी राहील. म्हणजे आपल्याला दिसत होते. ज्याला दिसत नाही त्याला मूर्ख म्हणून सोडून देता येते. आपल्याला सगळे दिसत होते, ते आपण सुंदर फ्रेंचमध्ये लिहून ठेवलेत, आणि त्यानंतरही ठाण्यांची रांग पुढे सरकवत राहिलात. माझ्या लेखी आपल्यावरचा सर्वांत मोठा आरोप हा आहे. लावेर्द्यूरची धाड त्यापुढे लहान.

उत्तरेला रीफच्या डोंगरांत अब्देलक्रीम एल खत्ताबी नावाचा काझी होता. स्पॅनिश मेलिलात वर्तमानपत्रात काम केलेला, दोन जगे जाणणारा माणूस. 1921 मध्ये त्याने आनुआलला स्पेनची अख्खी फौज उधळली आणि प्रजासत्ताक उभारले. आपल्याशी त्याचे भांडण नव्हते. 1924 मध्ये आपण वेर्गा नदी ओलांडून तिच्या पलीकडच्या काठावर ठाणी बसवलीत. त्या खोऱ्यातून रीफला धान्य जात असे. झयानांचे कुरण, रीफचे धान्य. आपल्या हाताला ही सवयच झाली होती. एप्रिल 1925 मध्ये रीफचे लोक त्या ठाण्यांवर तुटून पडले आणि एकामागून एक ठाणी पडली.

मग पॅरिसला आपला सौम्यपणा पुरेना. व्हर्दूनवाले पेताँ आले, लाखाहून अधिक फ्रेंच सैनिक आले, दुसऱ्या बाजूने स्पेन विषारी वायू घेऊन होताच. विमाने गावांवर आणि बाजारांवर बाँब टाकू लागली. शेफशावन नावाच्या निळ्या गावावरही. आपण राजीनामा देऊन गेलात. मे 1926 मध्ये अब्देलक्रीम फ्रेंचांच्या स्वाधीन झाला, आणि त्याला हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर धाडले. वीस वर्षांहून अधिक काळ. 1947 मध्ये त्याला फ्रान्सला नेत असताना तो इजिप्तमध्ये बोटीवरून उतरला, तो परत चढलाच नाही.

आपण घरी गेल्यावरही काम सोडले नाहीत, याचे फार कौतुक वाटते. 1931 मध्ये पॅरिसच्या व्हँसेनच्या रानात आपण वसाहतींचे प्रदर्शन भरवलेत. अंगकोर वाटची हुबेहूब प्रतिकृती, मोरोक्कोचा दिमाखदार मंडप, दूरदेशीचे कारागीर आणि नर्तक. लाखो पॅरिसकर तिकीट काढून साम्राज्य पाहून गेले.

आणि त्या प्रदर्शनाला दोन वर्षे होत नाहीत तोच, 1933 च्या फेब्रुवारीत, साघ्रो पर्वतातल्या बू गाफेरच्या सुळक्यांवर आयत अत्ता टोळीची माणसे आपली बायकामुले आणि मेंढरे घेऊन चढली. म्होरक्या अस्सू ऊ बास्लाम. जनरल ह्युरे यांनी तोफा आणि विमाने आणली. सुळक्यांवर चढून जाण्याचे प्रयत्न फसले, नावाजलेला कॅप्टन बूर्नाझेल तिथे पडला, तेव्हा वेढा घालून खालचे झरे माऱ्याखाली धरले. पुन्हा तीच विद्या. गवत झाले, धान्य झाले, आता पाणी. बायका रात्री पाण्याला उतरत आणि मारल्या जात. ज्या वर राहत त्या चढणाऱ्यांवर दगड लोटत. मेंढरे तहानेने मेली, त्यांचा वास डोंगरभर. सहा आठवडे हे चालले.

मार्चच्या अखेरीस अस्सू खाली आला, पण अटी घालून आला. आपल्या लोकांवर ग्लावीचा अंमल चालणार नाही, ही एक अट. आणि दुसरी, फ्रेंच साहेबांच्या सणसमारंभांत आयत अत्ताच्या बायकांना नाचगाण्यासाठी बोलावले जाणार नाही. तहानेने अर्धमेल्या माणसांनी तोफांसमोर बसून मागितलेली गोष्ट ही होती, साहेब. आपल्या सुसंस्कृत राज्यात त्यांनी काय पाहिले होते, हे यावरून कळते. व्हँसेनच्या मंडपात हे कुठेच मांडले नव्हते.

शेवटच्या टोळ्या 1934 मध्ये शरण आल्या. संरक्षणाचा करार 1912 चा. म्हणजे ज्यांचे रक्षण करायचे, त्यांच्याशी फ्रेंच फौज बावीस वर्षे लढत होती. आपणही 1934 च्याच जुलैत वारलात. स्वातंत्र्य 2 मार्च 1956 ला आले. अब्देलक्रीम 1963 मध्ये कैरोत वारला, आणि त्याची कबर आजही कैरोतच आहे.

कळावे, लोभ असू नये ही विनंती.

ता. क. मार्शल साहेबांच्या खांद्यावरून हे पत्र वाचणाऱ्यांसाठी. फेसहून माराकेशला गाडीने जाताना डोंगरातल्या रस्त्यावर खेनिफ्रा लागते. सहल कंपन्या सहसा तिथे थांबत नाहीत. तुम्ही थांबायला सांगा. एल हेरी तिथून सुमारे पंधरा किलोमीटरवर आहे, आणि दर 13 नोव्हेंबरला मोरोक्को त्या लढाईचा दिवस पाळतो.